पिशवीतली आमटी

बँकॉकची सहल हल्ली आपल्या लहान गावांतूनही निघते. भिशीच्या मैत्रिणी जातात, निवृत्त जोडपी जातात. परत आल्यावर तरंगता बाजार, सोन्याचा बुद्ध, मॉलमधली खरेदी असं सगळं भरभरून सांगतात. ‘आणि खाल्लंत काय?’ असं विचारलं की उत्तर मात्र ठरलेलं. ‘अगं, आपलंच! पोळी-भाजी, वरण-भात. तिथलं कुठं खाणार, सगळ्यात मासे!’

यात अगदीच खोटं नाही. थाई स्वयंपाकात ‘नाम प्ला’ म्हणजे मासे मुरवून काढलेलं खारट पाणी आपल्या मिठासारखं सढळ हाताने पडतं. पण तेवढ्यासाठी अख्ख्या शहराच्या जेवणाकडे पाठ फिरवली, तर बघण्यासारखी एक गोष्ट हातची जाते. या शहराला रस्त्यावर जेवू घालतात त्या बहुतेक बायका. आणि त्या रांधण्या-वाढण्याचे त्या रोख पैसे घेतात!

माझी भाची तिथे नोकरीला आहे. तिच्याकडे आठ दिवस राहिले, तेव्हा हे जवळून पाहिलं. तिच्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाकाचा ओटाच नाही. म्हणाली, ‘मावशी, इथे कितीतरी खोल्यांना नसतो. खाली उतरलं की जेवण.’ गल्लीला तिथे ‘सॉय’ म्हणतात. सॉयच्या तोंडाशी ‘खाव गेंग’ची गाडी लागते. खाव म्हणजे भात, गेंग म्हणजे रस्सा. दहा-बारा पातेली मांडलेली. हिरवा रस्सा, लाल रस्सा, परतलेला पालेभाज्यांचा देठासकटचा ढीग, टोफू, अंडी, मासे. कामावरून येणाऱ्या बायका बोटाने दाखवतात. विकणारी प्लास्टिकच्या पिशवीत रस्सा ओतते, पिशवी फुगवते आणि रबरबँडची अशी गाठ मारते की थेंब सांडत नाही. घरी जाऊन फक्त भात लावायचा.

अशा बायकांना थाई भाषेत ‘मेबान थुंग प्लास्टिक’ असं नावच आहे. मेबान म्हणजे गृहिणी, थुंग म्हणजे पिशवी. प्लास्टिकच्या पिशवीवाल्या गृहिणी! त्यात थोडा टोमणा आहेच. पण आपल्याकडे ‘आज विकतचं आणलं’ हे सांगताना आवाज जसा खाली जातो, तसा त्यांचा जाताना मला दिसला नाही.

आणि विकणारी? तिला म्हणतात ‘मे खा’. मे म्हणजे आई, खा म्हणजे व्यापार. वयस्कर असेल तर गिऱ्हाइकं तिला ‘पा’ अशी हाक मारतात. आई किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. आमच्या सॉयमधली पा पहाटे तीनला उठून ख्लोंग तोयच्या मोठ्या मंडईत जायची. भाचीने दुभाषीपण केलं आणि आम्हा दोघींच्या गप्पा झाल्या. ती विचारते, ‘तू काय विकतेस?’ म्हटलं, ‘काही नाही, घरी रांधते.’ ‘किती माणसांचं?’ ‘सहा.’ ‘मी शंभराचं,’ म्हणाली आणि माझा हात हातात घेऊन तळव्यावरचा तव्याचा जुना डाग तिने बरोबर ओळखून दाखवला. तिच्याही हातावर तसलेच दोन होते.

आता तुम्ही जाल तेव्हा काय, कुठे खायचं ते सांगते. खाव गेंगच्या गाडीवर भात आणि दोन भाज्या साधारण ५० ते ७० बाटमध्ये मिळतात. एक बाट म्हणजे अंदाजे अडीच-तीन रुपये. जेवायला चमचा आणि काटा देतात. रस्त्याची धास्ती वाटली, तर असोक स्टेशनला लागून ‘टर्मिनल २१’ नावाचा मॉल आहे, त्यात ‘पिअर २१’ हे फूड कोर्ट आहे. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, उरलेले पैसे परत मिळतात. स्वस्त आणि स्वच्छ.

शाकाहारी मैत्रिणींनी एक अक्षर डोळ्यांत साठवायचं. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरांत लिहिलेलं असतं, उच्चार ‘जे’. तिथे मांस-मासे नाहीत, अंडी-दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. म्हणजे आपल्या चातुर्मासाच्या वरताण! सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो. तेव्हा यावरात हा चिनी लोकांचा भाग या पिवळ्या पताकांनी भरून जातो. तिथून जवळच पाहुरात ही भारतीयांची कापडाची पेठ आहे. तिथल्या गुरुद्वारात लंगरचं शाकाहारी जेवण मिळतं.

गोड खायला नांग लोंगच्या जुन्या बाजारात जा. हा बाजार शंभराहून अधिक वर्षांचा आहे. तिथली मिठाई पाहून तुम्हाला माहेरी आल्यासारखं वाटेल. ‘खनोम क्रोक’ म्हणजे तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे गोड आप्पे, पात्रसुद्धा आपल्या आप्पेपात्राचं जुळं भावंडं. ‘खनोम साय साय’ केळीच्या पानात गुंडाळलेलं असतं. आत नारळ आणि ताडगुळाचं सारण, वर तांदळाच्या पिठाचं आवरण आणि नारळाचं घट्ट दूध. कोकणातल्या बायकांना पातोळ्या आठवतीलच. फळांसाठी चतुचक बाजारासमोरची ‘ओर तोर कोर’ मंडई बघावी. नुसती बघून आलात तरी डोळे निवतात.

पिण्याची तर मजाच. नारिंगी रंगाचा गोड थंड चहा, ‘चा येन’, सगळे पितात. पण मला भावली ती तिथली सरबतं. अंबाडीच्या लाल बोंडांचं, गवती चहाचं, बेलफळाचं. आणि एक गोकर्णाच्या फुलांचं. निळंशार! लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं होतं. आपण ही फुलं देवाला वाहतो आणि वेल कुंपणावर सोडून देतो. बर्फाची काळजी वाटते ना? नळीसारखा, मधे भोक असलेला बर्फ कारखान्यातून आलेला असतो, तेवढं बघून घ्या.

या बायकांमधली एक जगभर पोचली. ‘जे फाय’ हे तिच्या दुकानाचं नाव. इथलं ‘जे’ वेगळं, म्हणजे ताई. खरं नाव सुपिन्या जुनसुता. एकेकाळी शिवणकाम करायची. महाचाय रस्त्यावर, डोळ्यांना मोठा गॉगल लावून, कोळशाच्या शेगडीवर ती खेकड्याचं ऑम्लेट करते. बँकॉकसाठी मिशेलिनचं पहिलं गाईड डिसेंबर २०१७ मध्ये आलं, त्यात सत्तरी ओलांडलेल्या या ताईला एक तारा मिळाला. आता ते ऑम्लेट हजार बाटच्या वर गेलंय. ते परवडायला हवंच असं नाही, पण शेगडीपुढच्या बाईचं नाव दुकानावर लागतं, हे बघायला पैसे पडत नाहीत.

सगळ्याच जणींचं असं होत नाही. २०१४ नंतर ‘फुटपाथ चालणाऱ्यांना परत’ या नावाखाली तिथल्या महापालिकेने कितीतरी गाड्या उठवल्या. सुखुमवित रस्त्यावरच्या सॉय ३८ मध्ये खवय्यांची गर्दी व्हायची. तिथली जागा टोलेजंग इमारतीसाठी गेली आणि २०१६ मध्ये तो बाजार मोडला. ज्या वर्षी जे फायला तारा मिळाला, त्याच २०१७ च्या एप्रिलमध्ये शहरभरातल्या खाण्याच्या गाड्या हटवण्याची भाषा झाली होती! आमची पासुद्धा सांगत होती, ‘फुटपाथ आहे तोवर मी आहे.’

हे ऐकताना मला गिरणगावातल्या खाणावळवाल्या आठवल्या. शेकडो गिरणी कामगारांना जेवू घालूनही त्या सावकाराच्या कर्जातच असायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा बँकेने त्यांना दारात उभं केलं. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी आपल्याकडे २०१४ मध्ये कायदाही झाला. पण आमच्या बचत गटातल्या झुणका-भाकरीवालीला गाडी कुठे लावायची, हा प्रश्न आजही दर आठवड्याला पडतो.

आणि थोडं आपल्याकडेही बघूया. हॉटेलात बिलावर सही करताना आपण हूं की चूं करत नाही. पण पोळी-भाजी केंद्रातल्या बाईला मात्र विचारतो, ‘एका पोळीचे एवढे?’ कारण पोळी तर आपण घरी फुकटच करतो, नाही का? ती फुकट नाही, हे सगळ्यात आधी आपल्याला पटायला हवं. तेव्हा मैत्रिणींनो, बँकॉकला गेलात तर सहलीतली एक संध्याकाळ मोकळी मागून घ्या. सॉयच्या तोंडाशी जा, बोटाने दाखवा, बसून जेवा. जाणं होणार नसेल तर आपल्या चौकात जा. आपलीही एक ‘पा’ तिथे उभी असेल. तिने सांगितलेला भाव द्या.