एका गच्चीवरील दोन दिशा

सुरतेच्या डिंडोली भागात, जिथे जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने वसली आहेत, तिथे मुलखाच्या भाषेतले चित्र आणि माहेरच्या भाषेतले चित्र दीर्घकाळ निरनिराळ्या वाटांनी घरात येई. गुजराती कार्यक्रम स्थानिक मनोऱ्यावरून आडव्या नळ्यांच्या अँटेनाला मिळत. दूरदर्शनच्या मराठी सह्याद्री वाहिनीसाठी मात्र केबलवाल्याची मर्जी राखावी लागे किंवा, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क उपग्रहसेवा सुरू झाल्यानंतर, छत्रीचा आश्रय घ्यावा लागे. अँटेना क्षितिजाकडे रोखलेला, तर छत्री आग्नेयेस तोंड करून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे उचललेली. सेटटॉप बॉक्समध्ये अँटेनाची तार घेण्याची तजवीज बहुधा नसल्याने ती थेट टीव्हीच्या पाठीमागे खोचावी आणि रिमोटने इनपुट पालटीत बसावे, असा तो द्राविडी प्राणायाम! संपन्न अमेरिकेतही, १९९९ च्या कायद्याने उपग्रह कंपन्यांना स्थानिक वाहिन्या दाखविण्याची मुभा मिळेपर्यंत, ग्राहकांची गत फारशी निराळी नव्हती. आपल्याकडे प्रसारभारतीने जुने अॅनालॉग प्रक्षेपक, मोजके वगळता, टप्प्याटप्प्याने बंद केले असून, दूरदर्शनची गुजराती गिरनार आणि मराठी सह्याद्री या दोन्ही वाहिन्या आता एकाच छत्रीतून उतरतात.