गेमिंगचा मदरबोर्ड: पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत

साठ-सत्तर हजारांत गेमिंगचा संगणक जोडून घ्यायचा म्हटलं की ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांची चौकशी महिनाभर चालते. मदरबोर्ड मात्र शेवटच्या पाच मिनिटांत ठरतो, दुकानदार काउंटरवर ठेवेल तो. मग ऐकीव माहितीवर निर्णय होतात आणि त्या माहितीची दोन टोकं असतात. महागडा बोर्ड घेतल्याशिवाय गेम नीट चालत नाहीत, हे एक. बोर्ड काय, कुठलाही चालतो, हे दुसरं. दोन्ही चूक आहेत. पण दुसऱ्याने होणारं नुकसान मोठं असतं, म्हणून त्यावर जरा जास्त बोलू.

गैरसमज: महाग बोर्डावर गेम जास्त वेगाने चालतात

प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड तेच ठेवून साध्या बी६५० चिपसेटच्या बोर्डावर आणि त्याच्या तिप्पट किमतीच्या एक्स८७०ई बोर्डावर एकच गेम चालवला, तर एफपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेममध्ये, फार तर एक-दोन टक्क्यांचा फरक दिसतो. खेळताना तो जाणवत नाही. फ्रेम तयार करण्याचं काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर करतात. बोर्डाचं काम त्यांना स्थिर वीज पुरवणं आणि सगळे भाग एकमेकांना जोडणं. महाग बोर्डात जास्तीचे एम.२ स्लॉट, वेगवान यूएसबी आणि लॅन पोर्ट, जड हीटसिंक आणि रंगीत दिवे मिळतात. ज्याला ते लागतं त्याने जरूर घ्यावं. पण बजेट मर्यादित असेल तर बोर्डावर वाचलेले सहा-आठ हजार ग्राफिक्स कार्डात घाला. त्यातून येणारा फरक पडद्यावर दिसेल. खोक्यावरच्या 'गेमिंग' या शब्दामागे कुठलंही प्रमाणपत्र नसतं. तो कंपनीने स्वतःच छापलेला असतो.

गैरसमज: मग सगळ्यात स्वस्त बोर्डही चालेल

इथे थांबावं लागतं. एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा, बोर्डाला १२ व्होल्ट देतो आणि प्रोसेसर चालतो साधारण १.२ व्होल्टवर. हे रूपांतर बोर्डावरचं व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, करतं. १०० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला १.२ व्होल्टवर ८० अँपिअरहून जास्त करंट लागतो. एवढा करंट ज्या भागातून जातो तो तापणारच. तापमान मर्यादेबाहेर गेलं की बोर्ड स्वतःच प्रोसेसरची वीज कमी करतो, वेग घसरतो आणि गेम अडखळू लागतो. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देतात, विंडोज पुन्हा टाकतात आणि दुखणं तसंच राहतं.

व्हीआरएम डोळ्यांनी ओळखता येतं. प्रोसेसरच्या सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला छोट्या करड्या चौकोनी ठोकळ्यांची रांग असते. त्या कॉइल. त्यांच्या शेजारी काळ्या चपट्या चिप असतात, त्या मॉसफेट. खरी उष्णता या मॉसफेटमध्ये तयार होते. चांगल्या बोर्डावर त्यांच्यावर धातूचा हीटसिंक बसवलेला असतो. अगदी स्वस्तातल्या बोर्डावर त्या उघड्याच असतात. आता हे आपल्या प्रोसेसरशी ताडून बघा. रायझन ५ ७६०० मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो आणि आय५-१२४००एफची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे. हे प्रोसेसर बेताच्या बोर्डावरही निभावून जातात. आय७-१३७०० मात्र २१९ वॅटपर्यंत जातो. तो उघड्या मॉसफेटच्या एच६१० बोर्डावर बसवणं म्हणजे प्रोसेसरचे निम्मे पैसे वाया घालवणं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीचंच तापमान ३८-४० अंशांवर जातं, म्हणून मी तर म्हणेन की साध्या प्रोसेसरलाही हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्यावा. किमतीतला फरक फार नसतो.

कॉइल आणि मॉसफेटच्या एका संचाला फेज म्हणतात. '१०+२+१ फेज' असे आकडे जाहिरातीत ठळक असतात. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. बऱ्याच बोर्डांवर कंट्रोलरच्या एकाच सिग्नलवर दोन-दोन संच जोडून फेजची संख्या वाढवून दाखवतात. प्रत्येक भाग किती अँपिअरचा आहे आणि त्यावर थंडाव्याची सोय काय, हे बघावं.

गैरसमज: 'झेड' किंवा 'एक्स' चिपसेटच हवा

इंटेलमध्ये झेड चिपसेटचा मुख्य उपयोग प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना, आणि तोही नावात 'के' असलेल्या प्रोसेसरलाच. आय५-१२४००एफसाठी झेड७९० घेतला तर ते पैसे पडून राहतात, बी७६० पुरतो. एएमडीमध्ये बी६५०वरही ओव्हरक्लॉकिंग होतं. ए६२०वर होत नाही, पण रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारा एक्स्पो प्रोफाइल त्यावरही चालू करता येतो. इंटेलच्या एच६१०वर मात्र रॅमचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे नेता येत नाही आणि रॅमचे स्लॉटही दोनच मिळतात.

रॅमचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट आजच तपासा. डीडीआर५ ६००० रॅम विकत घेतली तरी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केल्याशिवाय ती बहुतेकदा ४८००वरच चालत राहते. असे किती तरी संगणक वर्षानुवर्षं वापरले जातात. तसंच, रॅमची एक मोठी पट्टी लावण्यापेक्षा दोन छोट्या लावा. चार स्लॉट असतील तर सॉकेटकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस ५.० नाही म्हणून हळहळू नका. आरटीएक्स ४०६० हे ४.० कार्ड आहे आणि जुन्या ३.० बोर्डावरही त्याचं नुकसान थोडंच होतं. उलट आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या कार्डाला फक्त चार लेन आहेत. ए५२० किंवा बी४५० बोर्डावर, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस ३.०वर, ते ठळकपणे मागे पडतं. स्वस्त कार्ड आणि जुना बोर्ड ही जोडी टाळावी.

गैरसमज: एक्स९९ आणि झिऑनचा कॉम्बो म्हणजे थोडक्या पैशांत मोठा लाभ

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात बहुतेक विद्यार्थी फसतात. एक्स९९ हा इंटेलचा २०१४चा चिपसेट. आज त्या नावाने नवे म्हणून विकले जाणारे बरेच बोर्ड जुन्या संगणकांतून काढलेल्या चिपसेटवर बनतात, आणि काहींवर तर एक्स९९ऐवजी भलताच चिपसेट असतो. सोबतचा झिऑन प्रोसेसर सर्व्हरमधून निघालेला. बारा किंवा चौदा कोर ऐकायला भारी वाटतात, पण गेमला मोजके वेगवान कोर लागतात, आणि तिथे आजचा सहा कोरांचा साधा प्रोसेसर त्याला सहज मागे टाकतो. शिवाय हे झिऑन विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाहीत आणि विंडोज १०ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, बॅटलफील्ड ६लाही सिक्युअर बूट लागतं. ज्या बोर्डाचा बायोस कुठून अपडेट करायचा हेच ठाऊक नाही, त्यावर ही सोय शोधत बसायची वेळ येते.

गैरसमज: चालू बोर्डाच्या बायोसला हात लावू नये

पूर्वी हा सल्ला ठीक होता. आता नाही. २०२३मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे जळाले आणि उपाय बायोसमधूनच आला. प्रोसेसरच्या एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरना व्होल्टेजमुळे इजा होत होती, तिच्यावरचा मायक्रोकोडही २०२४मध्ये बायोस अपडेटमधूनच मिळाला. अशा बोर्डावर जुना बायोस ठेवणं धोक्याचं आहे. अपडेट करताना वीज जाता कामा नये, तेव्हा यूपीएस लावून करा. बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेल्या बोर्डावर नुसत्या पेन ड्राइव्हने, प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतो. पुढे नवा प्रोसेसर घालणाऱ्याला ही सोय फार कामाची.

सॉकेटचा विचारही त्याच हिशेबाने करावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे बोर्ड रायझनसाठी २०१७मध्ये आले, आणि त्यांपैकी अनेकांवर बायोस बदलून २०२२चा ५८००एक्स३डी बसतो. एएम५ला २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने सांगितलं आहे. इंटेलचा एलजीए१७०० मात्र १४व्या पिढीवर थांबला. नव्याने जोडत असाल तर माझा कौल एएम५वरच्या बी६५०च्या मायक्रो एटीएक्स बोर्डाला. हातात डीडीआर४ रॅम असेल तर एएम४चा बी५५० घ्या, कारण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत आणि असलेली रॅम टाकून देण्यात अर्थ नाही. मायक्रो एटीएक्स म्हणजे कमी दर्जाचा, असं काही नसतं. आकार लहान आणि स्लॉट कमी, इतकंच.

गैरसमज: अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट

एकाच कंपनीचा एक बोर्ड भक्कम आणि दुसरा तकलादू असतो, म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव बघा. 'एम', 'प्लस', 'प्रो', 'डीएस३एच' अशा एखाद्या अक्षराने किंवा शब्दाने व्हीआरएम बदलतं. नामांकित कंपन्यांच्या बोर्डांना भारतात बहुधा तीन वर्षांची वॉरंटी मिळते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, तेही विचारा. कोकणासारख्या दमट भागात किंवा वीज वरचेवर जाते तिथे बोर्ड गेला म्हणून बोर्डाला जो दोष दिला जातो, तो पुष्कळदा निकृष्ट एसएमपीएसचा किंवा भिंतीवरच्या अर्थिंग नसलेल्या सॉकेटचा असतो. संगणक जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

आणि प्रोसेसर बसवताना सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण निघेल, ते टाकू नका, खोक्यात जपून ठेवा. एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांवर पिना सॉकेटमध्येच असतात. बोर्ड परत पाठवायची वेळ आली आणि पिना वाकलेल्या निघाल्या, तर वॉरंटी नाकारली जाते.