सेलमचा धक्का

मंडळी, गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरी आठवडाभर एक पाहुणं जोडपं राहून गेलं. विदर्भातल्या एका आडगावात गेली बावीस वर्षं ते आश्रमशाळा आणि लहानसा दवाखाना चालवतात. शनिवारच्या कार्यक्रमात आपल्यापैकी बरेचजण त्यांना भेटले आहेत, त्यामुळे नावं लिहीत नाही, आणि लिहिलेली त्यांना आवडणारही नाहीत. मी त्यांना ताई आणि भाऊ म्हणते. सहा आठवडे, अकरा गावं, दर दोन-तीन दिवसांनी नवं घर, नवा सोफा-बेड आणि नवी बटाट्याची भाजी! (पाहुणे म्हटले की आपण सगळ्याच बटाट्याची भाजी का करतो, हा संशोधनाचा विषय आहे.)

कार्यक्रम चांगला झाला. शेवटी प्रश्नोत्तरं होती. आपल्यातल्याच एकांनी उभं राहून विचारलं, "डॉलरमागे किती सेंट प्रशासनावर जातात?" प्रश्न रास्त होता. देणाऱ्याने विचारलंच पाहिजे. पण विचारण्याचा सूर असा होता, की समोर जणू कुणी बनावट चेक घेऊन उभं आहे. भाऊंनी शांतपणे आकडे सांगितले. ताई काहीच बोलल्या नाहीत. परतताना गाडीत मागच्या सीटवरून त्यांचा आवाज आला. "लेकाची दहावी आहे. त्याला बहिणीकडे ठेवून आलेय. ते कुठल्या टक्क्यात धरायचं?"

मी गाडी चालवत राहिले. कार्यक्रम मी ठरवला होता, सभेला मीच बोलावलं होतं, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काहीतरी दाखवायला हवं म्हणून त्यांना सेलमला नेलं. ऑक्टोबरात सेलमला जाणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात गाडी लावायला जागा शोधणं. रस्त्यात जिकडे तिकडे काळ्या टोप्यांच्या चेटकिणी! अर्ध्या तासाने कुठेतरी जागा मिळाली आणि आम्ही समुद्रात लांबवर गेलेल्या डर्बी वॉर्फवर चालत निघालो. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा धक्का मुंबईत. हा सेलमचा." ते हसले. तिथे वाऱ्यात उभं राहून मी त्यांना जी गोष्ट सांगितली ती नीट लिहून काढावी असं तेव्हापासून मनात होतं. मी रसायनशास्त्रातली, इतिहास माझा प्रांत नाही. पण या भागात नोकरीला आले तेव्हा लायब्ररीत एक जुनं चरित्र हाती लागलं, आणि त्यातल्या मुलीने मला काही सोडलं नाही.

तिचं नाव हॅरिएट अ‍ॅटवुड. जन्म १७९३, हेवरहिलचा. मेरिमॅक नदीपलीकडच्या ब्रॅडफर्ड अ‍ॅकॅडमीत शिकली. (हीच शाळा पुढे ब्रॅडफर्ड कॉलेज झाली आणि २००० साली बंद पडली.) त्या वेळी शेजारच्या अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात काही तरुणांनी परदेशी जाऊन धर्मप्रसार करायचं डोक्यात घेतलं होतं. याचं मूळ १८०६ मधलं. विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळात सापडले, गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि तिथेच आशिया खंडात जायचं ठरलं. विल्यम्सटाउनला आज तिथे स्मारक आहे, १८६७ मध्ये उभारलेलं. बर्कशायरला पानं बघायला जाल तेव्हा गाडी थांबवा.

तरुणांनी ठरवलं खरं, पण पैसे कोण देणार? अमेरिकेतून परदेशी मिशनरी पाठवणारी संस्थाच नव्हती. जून १८१० मध्ये ब्रॅडफर्डला पाद्र्यांची सभा भरली. तिथे यांनी अर्ज दिला आणि त्यावरच्या सहा नावांपैकी दोन ऐन वेळी काढून टाकली. का, तर सहाजणांचा खर्च पाहून सभा बिथरेल! हे वाचलं तेव्हा मला आपल्या कार्यकारिणीची बजेट मीटिंग आठवली. त्या अर्जातून 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था जन्माला आली.

पुढचं वर्ष मदत मागण्यात गेलं. त्यांच्यातला अडोनायरम जडसन जानेवारी १८११ मध्ये लंडनच्या मिशनरी सोसायटीकडे विचारपूस करायला निघाला. वाटेत फ्रेंचांनी त्याचं जहाज पकडलं आणि त्याला बेयॉनच्या तुरुंगात टाकलं. तिथून सुटून तो लंडनला पोचला. भागीदारीत मिशन चालवायला लंडनवाले तयार झाले नाहीत. जानेवारी १८१२ मध्ये बोर्डाच्या तिजोरीत जेमतेम बाराशे डॉलर होते, आणि भारताकडे जाणारी जहाजं सुटण्याच्या बेतात. तरीही "जा" असं ठरलं. मग तीन आठवडे नुसती धावपळ. गावोगावच्या चर्चमधून, बायकांच्या मंडळांमधून, ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून सहा हजारांवर डॉलर जमले. आपल्याला एका गणेशोत्सवाचा हॉल ठरवायला चार महिने लागतात. असो.

६ फेब्रुवारी १८१२ ला सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाचजणांना दीक्षा मिळाली. बाहेर कडाक्याची थंडी, आत माणसांची दाटी. आदल्याच दिवशी जडसनचं लग्न हॅरिएटची मैत्रीण अ‍ॅन हॅसेल्टाइनशी झालं होतं. तीन दिवसांनी हॅरिएटचं लग्न सॅम्युएल न्यूएलशी झालं. १९ फेब्रुवारीला ही दोन्ही जोडपी 'कॅरव्हॅन' नावाच्या जहाजातून सेलमहून कलकत्त्याला निघाली. हॅरिएट तेव्हा अठरा वर्षांची होती.

मी पंचवीस वर्षांची असताना दोन बॅगा, एक कुकर आणि पीएच.डी.चं प्रवेशपत्र घेऊन नाशिकहून निघाले. आईने स्टेशनवर एकदाही डोळे पुसले नाहीत, घरी गेल्यावर पुसले असणार. पण मी रविवारी फोन करणार हे तिला ठाऊक होतं. हॅरिएटच्या विधवा आईला काय ठाऊक होतं? एक पत्र पोचायला महिनोन् महिने. लेक परत येईल अशी अपेक्षाच नव्हती. तेव्हाचे मिशनरी जन्मभरासाठी जायचे.

१७ जून १८१२ ला 'कॅरव्हॅन' कलकत्त्याला पोचलं. दुसऱ्याच दिवशी, १८ जूनला, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. कलकत्त्यात ती बातमी कळायला अर्थातच बराच वेळ लागला. पण ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी मुळातच नको होते. धर्माच्या कारणावरून रयत भडकली तर व्यापार बुडेल, हा सरळ हिशेब. "देश सोडा" असा हुकूम आला. थोडक्यात, व्हिसा नाकारला! न्यूएल पतिपत्नींना मॉरिशसकडे, तेव्हाच्या आइल ऑफ फ्रान्सकडे जाणारं जहाज मिळालं. ऑगस्टमध्ये निघाले. वादळं, आजारपणं, लांबलेला प्रवास. ऑक्टोबरात समुद्रावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी गेली. ३० नोव्हेंबर १८१२ ला पोर्ट लुईला क्षयाने हॅरिएटही गेली. वय एकोणीस. ज्या कामासाठी घर सोडलं त्याचा एक दिवसही तिच्या वाट्याला आला नाही.

इथवर सांगितलं तेव्हा ताई धक्क्याच्या कठड्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आणि नवरा?"

नवरा सिलोनमार्गे १८१४ मध्ये मुंबईला आला. तिथे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल व रॉक्साना नॉट हे दुसऱ्या जहाजाने आलेले सोबती ११ फेब्रुवारी १८१३ पासून पाय रोवून होते. त्यांनाही हाकलण्याचे हुकूम निघाले. एकदा तर ते कोचीनपर्यंत पळाले आणि परत आणले गेले. हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना अर्जावर अर्ज केले. १८१३ मध्येच कंपनीची सनद बदलली, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. प्रकृती बिघडल्याने नॉट जोडपं १८१५ मध्ये परतलं. हॉल आणि न्यूएल राहिले, मराठी शिकले. १८१८ मध्ये दोघांची एक पुस्तिका अँडोव्हरला छापली गेली. जगात साठ कोटी लोक ख्रिस्ती व्हायचे आहेत, तर किती लोकांमागे किती मिशनरी लागतील, आणि अमेरिकेतल्या चर्चना ते कसं झेपेल, याचं चक्क गणित. मुंबईत बसून बॉस्टनच्या देणगीदारांना पाठवलेलं प्रोजेक्ट प्रपोजलच ते! न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेला. हॉल २० मार्च १८२६ ला, नाशिकहून मुंबईला परतताना वाटेत, पटकीनेच. माझ्या माहेरच्या रस्त्यावर कुठेतरी.

आता तुमच्या कपाळावर आठी आलीच असेल, कारण माझ्याही येते. आपले देव म्हणजे अज्ञान, आपली पूजा म्हणजे अंधार, असं ही माणसं मनापासून मानत होती. हॅरिएटच्या लिखाणातही तेच आहे. ते मला गिळवत नाही. माझी आजी गणपतीपुढे बसायची तेव्हा तिला कुणी वाचवायची गरज होती असं मला वाटत नाही. पण तेवढं म्हणून गप्पही बसवत नाही. मुंबईत त्यांनी छापखाना काढला, १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून पूर्ण केला. पुढे याच छापखान्यात पोरवयात कामाला असलेल्या जावजी दादाजींनी 'निर्णयसागर' उभा केला, आणि आपल्या घरातल्या संस्कृत पोथ्या त्या निर्णयसागरच्या. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार या न्यू हॅम्पशरच्या अविवाहित बाईंनी पुढे अहमदनगरला शाळा चालवली, तिथे सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं शिक्षण झालं. प्रयोगाचा हेतू एक आणि उत्पादन दुसरंच, असं आमच्या लॅबमध्येही होतं. आम्ही त्याला बायप्रॉडक्ट म्हणतो, आणि कधीकधी कारखाना त्याच्यावरच चालतो.

हॅरिएटचं काय? तिचं चरित्र, तिच्या पत्रांसह, १८१४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. जिवंतपणी जिला काही करता आलं नाही, तिच्या नावाने गावोगावच्या बायका पैसे पाठवू लागल्या. देणगी आकड्यांना मिळत नाही, माणसाला मिळते, हे लोकांना तेव्हापासून ठाऊक आहे. मला त्यात थोडी भीतीही वाटते. एकोणीस वर्षांच्या मुलीचं मरण म्हणजे प्रसिद्धिपत्रक नव्हे.

भाऊ म्हणाले, "म्हणजे इकडून तिकडे जायचे. आम्ही उलटे आलो."

पण उलटेही ते पहिले नव्हेत! पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढची दोन-अडीच वर्षं अमेरिकाभर बोलत हिंडल्या. डिसेंबर १८८७ मध्ये याच आपल्या बॉस्टनमध्ये 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं, एडवर्ड एव्हरेट हेल अध्यक्ष. गावोगावच्या 'रमाबाई सर्कल'नी दहा वर्षं दरसाल मदत द्यायचं वचन दिलं. मुलगी मनोरमा शेवटपर्यंत बरोबर नव्हती, त्या लहानगीला मधेच परत पाठवलेलं. (हे सांगितल्यावर ताईंनी माझ्याकडे पाहिलं.) त्या पैशांवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. तिच्याशी पुढे धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. आणि तेच कर्वे १९२९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, महिला विद्यापीठासाठी जगप्रवासाला निघाले आणि अमेरिकेतही आले. १९३० च्या डिसेंबरात पुन्हा आफ्रिकेला गेले, तिथल्या आपल्या लोकांना भेटायला.

म्हणजे कुणाच्या तरी दिवाणखान्यात उभं राहून, परक्या भाषेत, आपलं काम समजावून सांगायचं आणि मग टोपी फिरवायची, हे दोन्ही दिशांनी दोनशे वर्षं चाललं आहे. आणि प्रशासनावर किती टक्के, हे विचारणारेही दोन्हीकडे असणारच.

संध्याकाळी घरी येऊन ताईंनी पिठलं केलं. मीच आग्रह केला, बटाट्याची भाजी माझ्यानेही आता बघवत नव्हती. भाऊंनी टेबलावर वह्या पसरून पुढच्या वर्षीची आखणी केली. दवाखान्यासाठी रक्त तपासायचं साधं यंत्र घ्यायचं होतं. त्यातली कुठली रसायनं विदर्भातल्या उन्हाळ्यात, वीज नसताना टिकतील, यावर आम्ही रात्री साडेबारापर्यंत बोललो. मी गेली काही वर्षं या देशात जे काम करते त्याचा कुणाला थेट उपयोग होईल असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं. यादी मी करून पाठवली आहे. दोन वस्तू इथून न्याव्या लागतील. दिवाळीत भारतात जाणाऱ्यांपैकी कुणाच्या बॅगेत जागा असेल तर मला फोन करा. आणि मे महिन्यात असंच आणखी एक जोडपं येतंय. पाच रात्रींसाठी घर हवं आहे. जिना चढवत नाही त्यांना, तेव्हा झोपायची खोली खालीच हवी.

विमानतळावर ताईंची बॅग तीन किलो जास्त भरली. तिथेच फरशीवर उघडली. वरती आपल्या लोकांनी दिलेली चॉकलेटं होती, चार मोठे डबे. त्यांनी तीन माझ्या हातात दिले आणि चौथा परत आत ठेवला. "हा राहू दे," म्हणाल्या, "त्याची परीक्षा संपेपर्यंत लपवून ठेवीन."