चेहऱ्यावरील केस आणि लेसर : उपचारापूर्वीची तयारी

हनुवटीवर किंवा वरच्या ओठावर राठ केस उगवू लागले, की घरातील तरुण मुलगी चारचौघांत जाण्याचे टाळू लागते. तिचे हे दुःख थट्टेवारी नेण्याजोगे नाही. आज त्यावर लेसरचा उपचार उपलब्ध आहे. तथापि त्याचे यश यंत्राइतकेच आधीच्या तयारीवर अवलंबून असते.

हा उपचार चालतो कसा, ते प्रथम पाहू. लेसरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोषून घेते व त्या उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. अँडरसन व पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी हे तत्त्व १९८३ साली मांडले. तयारीचे बहुतेक नियम यातूनच निघतात.

केस मुळासह उपटलेला असेल, तर प्रकाशाला लक्ष्यच उरत नाही. म्हणून दोरा, चिमटा आणि वॅक्सिंग ही तिन्ही ४ ते ६ आठवडे आधीपासून बंद ठेवावीत. दरम्यान कात्रीने केस कापावेत किंवा वस्तरा फिरवावा. वस्तऱ्याने केस दाट होतात, हा समज निराधार आहे. पांढऱ्या केसांत रंगद्रव्य नसल्याने त्यांवर लेसर चालत नाही.

तेच रंगद्रव्य आपल्या सावळ्या त्वचेतही असते. उन्हाने ते वाढते आणि मग त्वचा भाजण्याची वा तीवर डाग पडण्याची भीती असते. यास्तव काही आठवडे ऊन टाळावे, सनस्क्रीन लावावे. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर अधिक सुरक्षित असतो. कोणते यंत्र वापरणार, हे निःसंकोच विचारावे आणि आधी त्वचेच्या लहानशा भागावर चाचणी करून घ्यावी.

चालू औषधे, चेहऱ्याची मलमे, गर्भारपण आणि ओठांवर उठणारे नागिणीसारखे फोड यांविषयी त्वचारोगतज्ज्ञांना आधीच सांगावे. पाळी अनियमित असेल, तर बीजकोशाच्या पीसीओएस या विकाराची तपासणी करवून घ्यावी. कारण मूळ विकार तसाच राहिल्यास नवे केस उगवत राहतात. केस झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

अपेक्षाही माफक असाव्यात. या उपचाराने केस कायमचे कमी होतात. समूळ नाहीसे होतीलच असे नाही. गालावरील कोवळी लव तर क्वचित उलट वाढतेही. साधारणतः ६ ते ८ बैठका, दर ४ ते ६ आठवड्यांनी, घ्याव्या लागतात. तेव्हा लग्नाची तिथी ठरल्यावर घाईने धाव घेणे व्यर्थ होय.

वाचकहो, या तयारीतील सर्वांत कठीण भाग आहे तो दोरा बंद ठेवण्याच्या आठवड्यांचा. त्या काळात मुलीच्या चेहऱ्यावर केस दिसतील. घरच्यांनी त्यांवरून एकही शब्द काढू नये. तेवढी तयारी तर आपणा सर्वांनाच करता येण्याजोगी आहे.