बाळाचा पहिला स्वेटर कुठे बिघडतो?

पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या पलंगावर मांडल्या की पहिल्या स्वेटरमधल्या चुका एकदम नजरेत भरतात. एक बाही लांब झालेली असते, बटणपट्टीला लाटा आलेल्या असतात, गळा चिमुकला असतो. ‘माझा हातच बसलेला नाही’ असं म्हणून सुया तिथेच ठेवून दिल्या जातात. सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच आहे. पहिला स्वेटर बहुधा सुरुवातीला मापात किंवा शेवटी जोडणीत बिघडतो, आणि टाके व ओळी मोजल्या की कारण सापडतं.

पुस्तकातले टाके घातले की माप आपोआप येतं, असं अनेकांना वाटतं. समजा, नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके धरले आहेत आणि घेर ११० टाक्यांचा आहे. तो ५० सेंटिमीटर भरायला हवा. पण हात घट्ट असेल आणि तेवढ्याच रुंदीत २४ टाके बसत असतील, तर घेर ४६ सेंटिमीटरही भरत नाही. सहा महिन्यांच्या बाळाची छातीच ४३ सेंटिमीटरच्या आसपास असते, आत झबलंही असतं. म्हणून आधी पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणावा, धुऊन वाळवावा आणि मधोमध मोजावा. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्यावी. हात मुद्दाम सैल सोडू नये, तो चार ओळींनंतर पुन्हा पहिल्यासारखा होतो.

सुईच्या नंबरातही फसगत होते. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत रुळली आहे. तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकी पद्धतीत मात्र नंबरासोबत जाडी वाढते आणि ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. नमुना कुठलाही असो, मिलिमीटर पाहावेत.

बाळ जन्मलं की त्याच्या तेव्हाच्या मापाने विणायला बसणं ही मायेपोटी होणारी चूक. जुलैत जन्मलेलं बाळ पुण्या-नाशिकची थंडी सुरू होईपर्यंत पाच-सहा महिन्यांचं होतं. शिवाय नवजात बाळाचं डोकं ३४-३५ सेंटिमीटर, म्हणजे छातीपेक्षा किंचित मोठंच असतं. पुढून न उघडणाऱ्या स्वेटरच्या गळ्याचे टाके घट्ट बंद केले तर तो डोक्यावरच अडतो. ते एक-दोन मापं जाड सुईने बंद करावेत किंवा खांद्यावर बटणं ठेवावीत.

‘कडा वळताहेत, इस्त्रीने बसतील.’ नाही बसणार. एक ओळ सुलट, एक उलट या विणीच्या कडा वळतातच. खाली बॉर्डर घातली आणि बाजू शिवल्या की प्रश्न मिटतो. शिवाय आपण लोकर म्हणून आणतो ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते. गरम इस्त्रीने तिची वीण कायमची ढिली पडते.

पुढचे दोन्ही भाग एकाच बाजूचे विणले गेले, तर एक भाग अख्खा उसवावा लागत नाही. मुंढ्याचे टाके कमी करायला जिथे सुरुवात केली, तिथपर्यंतच उसवावा. सगळ्या ओळी सुलट असतील तर तेही नको, कारण ही वीण दोन्हीकडून सारखीच दिसते. भाग नुसता उलटा करावा. एलिझाबेथ झिमरमन यांनी १९६८ साली अमेरिकेत रचलेलं प्रसिद्ध ‘बेबी सरप्राइज जॅकेट’ याच विणीचं आहे. एकच सलग तुकडा घडी घालून त्याचं जाकीट होतं, शिवण फक्त खांद्यांपासून बाह्यांवरून जाते. शिवणीला घाबरणाऱ्यांनी ते जरूर करून पाहावं.

जोडणी म्हणजे उरलंसुरलं काम, ही समजूत मला फार खटकते. सुबक विणलेला स्वेटर घाईच्या शिवणीने बेढब होतो. आधी खांदे जोडावेत, मग बाजू उघड्या असतानाच बाह्या लावाव्यात आणि शेवटी बाहीच्या टोकापासून काखेतून खालपर्यंत एकच शिवण घालावी. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची हवी. काम सुलट बाजूने करावं. कडेच्या पहिल्या आणि दुसऱ्या टाक्यामधला आडवा धागा आळीपाळीने दोन्ही बाजूंचा उचलत गेलं की शिवण सपाट बसते. वरून टाके मारले तर आत कंगोरा येतो आणि बाळाच्या काखेत घासतो. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी बरोबर विणल्या तर लांबीत फरक पडत नाही.

लाटांच्या बटणपट्टीचं कारण हिशेबाचं आहे. कडेच्या दर ओळीला एक टाका उचलला की पट्टी गरजेपेक्षा लांब होते, कारण १० सेंटिमीटरमध्ये टाके २२ असले तर ओळी साधारण २८ असतात. चार ओळींना तीन टाके उचलावेत. मध्येच सुटलेल्या टाक्यासाठी उसवायला नको. क्रोशाच्या सुईने शिडी चढावी तसा एकेक आडवा धागा ओढून तो वर आणता येतो.

धाग्याची टोकं गाठी मारून कापू नयेत, गाठी टोचतात. पंधरा सेंटिमीटर टोक ठेवून ते आतल्या बाजूने विणीत ओवावं. रंगीत नक्षीमागचे लांब धागे बोटांत अडकतात, तेही पकडून घ्यावेत. गळ्याशी रिबीन किंवा गोंड्याची दोरी ठेवू नये. बटणं मजबूत दोऱ्याने लावावीत आणि दर धुण्यानंतर ओढून पाहावीत.