संकलक-इशारे व बांधणीदोष

माणसाला वाचता येईल अशा संगणकभाषेत लिहिलेल्या मूळ संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला संकलक म्हणजेच कंपायलर असे म्हणतात. मूळ संहितेच्या अनेक फायलींचे असे रूपांतर करणे, त्या फायली एकमेकींना व आधी तयार असलेल्या आज्ञावलींच्या संग्रहांना जोडणे आणि शेवटी संगणकावर चालू शकेल असे एकसंध साधन सिद्ध करणे, या संपूर्ण प्रक्रियेस बांधणी ही संज्ञा आहे. ही प्रक्रिया मध्येच थांबली, तर त्यास बांधणीदोष म्हणतात. प्रक्रिया पूर्ण झाली, परंतु संहितेतील एखादी जागा संकलकाला संशयास्पद वाटली, तर तो तसे कळवतो. या सूचनेला इशारा म्हणतात. बांधणीदोषाकडे दुर्लक्ष करणे शक्यच नसते. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करता येते आणि म्हणूनच तो पुष्कळदा अधिक घातक ठरतो.

ज्या भाषेची साधने मूळ संहितेसह सर्वांना उपलब्ध असतात आणि ती वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा असते, तिला मुक्त स्रोत भाषा म्हणतात. पायथन, ल्यूआ, पर्ल व रूबी ही तिची परिचित उदाहरणे होत. या भाषांची प्रमुख साधने सी या भाषेत लिहिलेली आहेत. त्यामुळे या भाषा वापरण्यापूर्वी त्यांची स्वतःची बांधणी सीच्या संकलकाने करावी लागते. जगातील निरनिराळ्या यंत्रांवर व निरनिराळ्या संकलकांनी ही बांधणी सतत होत असते. परिणामी दोष शोधणे व इशारे निकालात काढणे हे अशा भाषांच्या देखभालीतील नित्याचे काम आहे.

इतिहास : ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ए-० ही संकलकसदृश प्रणाली तयार केली. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत विकसित झालेला फोर्ट्रान भाषेचा संकलक १९५७ मध्ये उपलब्ध झाला. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी भाषा सिद्ध केली. आरंभीचे सी-संकलक आज्ञावलीकाराच्या शब्दावर विश्वास ठेवत व फारशी तपासणी करीत नसत. ही उणीव भरून काढण्यासाठी याच प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी लिंट हे स्वतंत्र तपासणीसाधन रचले. कपड्यावरील धाग्यांचा भुसा निघावा तशा बारीकसारीक चुका हे साधन वेचून काढी, म्हणून हे नाव. पुढे अशी तपासणी संकलकातच समाविष्ट होत गेली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून १९८७ मध्ये जीसीसी हा मुक्त संकलक बाहेर पडला. आजही मुक्त स्रोत भाषांच्या बांधणीत त्याचा व क्लँग या संकलकाचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो.

बांधणीदोषांची कारणे : बांधणीचे सामान्यतः चार टप्पे असतात : यंत्र व प्रणालीची पाहणी, संकलन, जोडणी आणि चाचणी. पाहणीच्या टप्प्यात आवश्यक संग्रह न सापडल्यास काम तेथेच थांबते. संकलनाच्या टप्प्यात व्याकरणाची चूक, न घोषित केलेले नाव किंवा विसंगत प्रकार यांमुळे दोष उद्भवतो. जोडणीच्या टप्प्यात एखाद्या नावाची व्याख्या सापडत नाही अथवा ती एकाहून अधिक ठिकाणी सापडते.

काल बिनतक्रार बांधली गेलेली संहिता एका अक्षराचाही बदल न होता आज बांधली जात नाही, हा अनुभव नवशिक्यास बुचकळ्यात टाकतो. अशा वेळी संहिता तीच असली, तरी भोवतालची साधने बदललेली असतात. उदा., एकच चल अनेक फायलींत व्याख्यित झाले, तर जीसीसीच्या जुन्या आवृत्त्या ते मुकाट्याने एकत्र करीत. २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून ही सवलत आपोआप मिळेनाशी झाली आणि अनेक जुन्या संहितांची जोडणी अडली. २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीने सी भाषेचे नवे प्रमाण गृहीत धरले. या प्रमाणात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे. त्यामुळे ज्या जुन्या संहितांनी हे नाव स्वतःच व्याख्यित केले होते, त्यांतील काहींची बांधणी थांबली.

इशाऱ्याचे दोषात रूपांतर : आजचा इशारा हा पुष्कळदा उद्याच्या बांधणीदोषाची पूर्वसूचना असतो. सी भाषेत पूर्वी एखादे फलन घोषित न करताच वापरता येई. संकलक ते पूर्णांक परत करते असे गृहीत धरी. ही मुभा १९९९ च्या प्रमाणात काढून टाकण्यात आली. परंतु जुन्या संहिता मोडू नयेत म्हणून संकलक केवळ इशारा देऊन पुढे जात राहिले. मधल्या काळात ६४ बिटांची यंत्रे रूढ झाली. अशा यंत्रांवर स्मृतीतील पत्ता ६४ बिटांचा, तर साधा पूर्णांक सामान्यतः ३२ बिटांचा असतो. न घोषित केलेल्या फलनाने पत्ता परत केला, तर त्याचा अर्धा भाग गळून पडतो व आज्ञावली भलत्याच जागी जाते. २०२३ मध्ये क्लँगच्या सोळाव्या व २०२४ मध्ये जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने हा इशारा दोषाच्या वर्गात टाकला. पंचवीस वर्षे सूचना मिळूनही न सुधारलेल्या संहितांची बांधणी तेव्हा थांबली.

पायथनमध्येही असेच घडले. बांधणीसाठी वापरला जाणारा डिस्टयूटिल्स हा संग्रह कालबाह्य ठरल्याची सूचना २०२१ मधील ३.१० या आवृत्तीपासून मिळू लागली आणि २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीत तो वगळण्यात आला. सूचना वाचणाऱ्यांना सुधारणेस दोन वर्षे मिळाली. न वाचणाऱ्यांना बांधणी मोडल्यावरच त्याचा पत्ता लागला.

देवनागरी मजकूर व एक क्षुल्लक इशारा : काही इशारे इंग्रजी मजकुरापुरता विचार करणाऱ्यास निरर्थक वाटतात, मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र तेच निर्णायक ठरतात. खानदेशातील ‘जळगाव’ व ‘धुळे’ ही दोन नावे उदाहरणादाखल घेता येतील. युनिकोड पद्धतीत ‘जळगाव’ हे नाव पाच चिन्हांचे (ज, ळ, ग, काना, व) व ‘धुळे’ चार चिन्हांचे (ध, उकार, ळ, मात्रा) बनते. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतलेखनात प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून ही नावे अनुक्रमे १५ व १२ बाइट व्यापतात. इंग्रजी अक्षराचे मूल्य १२८ पेक्षा नेहमी कमी असते. ‘ज’ चे तीन बाइट मात्र २२४, १६४ व १५६ असे असतात.

सी भाषेत एका बाइटसाठी जो ‘चार’ नावाचा प्रकार आहे, त्यातील संख्या धन व ऋण दोन्ही मानायची की केवळ धन, हे भाषेने ठरवलेले नाही. इंटेल पद्धतीच्या यंत्रांवरील लिनक्समध्ये ती सामान्यतः −१२८ ते १२७ अशी धरतात, तर एआरएम पद्धतीच्या यंत्रांवर ० ते २५५ अशी. पहिल्या प्रकारच्या यंत्रावर ‘ज’ चे बाइट −३२, −९२ व −१०० असे वाचले जातात. अक्षराचा वर्ग पाहण्यासाठी हीच संख्या सारणीतील क्रमांक म्हणून वापरली, तर सारणी सुरू होण्यापूर्वीची ३२ वी जागा वाचली जाते. तेथे काय असेल याचा नेम नसतो. काही प्रणालींत ऋण क्रमांकांचीही तरतूद केलेली असल्याने चूक झाकली जाते. अन्यत्र आज्ञावली चुकीचे उत्तर देते किंवा बंद पडते. केळी-उत्पादकांच्या यादीतील इंग्रजी नावे नीट यावीत आणि मराठी नावे तेवढी बिघडावीत, असा प्रकार यातून संभवतो.

नेहमीचे इशारे मागितल्यास ‘सारणीच्या क्रमांकाचा प्रकार चार आहे’ असा इशारा जीसीसी अशा ठिकाणी देतो. तो दूर करण्याचे दोन मार्ग आहेत. संख्येचे रूपांतर साध्या पूर्णांकात केले, तर इशारा नाहीसा होतो. परंतु −३२ हे −३२ च राहतात व चूक जेथल्या तेथे असते. रूपांतर चिन्हरहित ‘चार’ मध्ये केले, तर मूल्य पुन्हा २२४ होते व चूकच नाहीशी होते. दोन्ही मार्गांनी पडदा सारखाच स्वच्छ दिसतो, पण दुरुस्ती दुसऱ्याच मार्गाने होते. पायथन व ल्यूआ या दोन्ही भाषांच्या मूळ संहितेत या कामासाठी लहानशा स्वतंत्र व्याख्या केलेल्या आढळतात.

इशारा दडपण्याचे परिणाम : इशारा गप्प करणे व त्याचे कारण दूर करणे यांतील फरक किती मोठा असू शकतो, हे डेबियन या मुक्त प्रणालीतील घटनेवरून दिसून येते. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या संग्रहाबाबत स्मृती तपासणाऱ्या साधनांनी, आरंभिक मूल्य न दिलेली स्मृती वापरली जात असल्याची सूचना दिली होती. २००६ मध्ये ती टाळण्यासाठी संहितेतील संबंधित ओळी काढण्यात आल्या. त्यांतील एका ओळीवर यादृच्छिक मूल्यांचा भरणा अवलंबून होता. ती गेल्यावर किल्ली तयार करताना बदलणारा घटक केवळ प्रक्रियेचा क्रमांक उरला आणि एका प्रकारच्या व आकाराच्या किल्ल्यांची संख्या यंत्रागणिक जेमतेम ३२,७६८ वर आली. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत तयार झालेल्या असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या. सूचना खोटी नव्हती. तिचा अर्थ पुरेसा समजून घेण्याआधी तिच्यावर उपाय झाला होता.

दुरुस्तीची पद्धत : दोषांची लांबलचक यादी समोर आली, तरी प्रथम पहिला दोष वाचावा लागतो, पुढील अनेक दोष त्याच्यामुळेच उद्भवलेले असतात. त्यानंतर संकलक, प्रणाली व यंत्र यांच्या आवृत्त्या नोंदवून दोष पुन्हा घडवून पाहतात. जो दोष पुन्हा घडवता येत नाही, तो दुरुस्त झाला असे खात्रीने म्हणता येत नाही. मग संहिता कमी करीत जाऊन दोष दाखवणारा सर्वांत लहान नमुना तयार करतात. दोष कोणत्या बदलामुळे आला हे ठाऊक नसल्यास अर्धीकरणाची रीत उपयोगी पडते. चालू व बिघडलेल्या आवृत्तींच्या मधोमध असलेली आवृत्ती बांधून पाहिली की शोधाचे क्षेत्र निम्मे होते. एक हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा बांधण्यांत सापडतो. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या गिट या साधनात ही सोय अंतर्भूत आहे. दुरुस्ती शक्य तितकी लहान ठेवतात, तिच्यासोबत चाचणी जोडतात आणि ती अन्य संकलकांवर व यंत्रांवर पडताळतात. शेवटी कारण स्पष्ट करणाऱ्या टिपणासह ती प्रकल्पाच्या देखभालकर्त्यांकडे पाठवली जाते व इतरांनी तपासल्यावरच स्वीकारली जाते.

प्रत्येक इशाऱ्यास दोष मानून बांधणी थांबवण्याचा पर्यायही संकलकांत असतो. तो विकासकांच्या स्वतःच्या यंत्रांवर हितकारक असतो. वितरित केलेल्या संहितेत तो कायम ठेवल्यास मात्र नव्या संकलकाच्या एखाद्या नव्या इशाऱ्यामुळे सामान्य वापरकर्त्याची बांधणी विनाकारण अडते. म्हणून अनेक प्रकल्प तो केवळ विकासकांपुरता मर्यादित ठेवतात.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला व महाराष्ट्रातील संगणकविद्येचा पाया घातला गेला. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जीसीसीच्या अध्ययनासाठी स्वतंत्र केंद्र चालवण्यात आले. या संकलकाची प्रचंड संहिता विद्यार्थ्यांना व अध्यापकांना समजावून देणाऱ्या कार्यशाळा तेथे उदय खेडकर यांच्या पुढाकाराने झाल्या. खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा मूल्यप्रवाहाच्या विश्लेषणावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या चलाला मूल्य मिळण्यापूर्वीच ते वाचले जात आहे काय, हे संकलकाला कळते ते अशाच विश्लेषणामुळे. अनेक इशाऱ्यांचा उगम त्यात असतो.

खानदेशात बांभोरी, धुळे, शिरपूर इ. ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये असून जळगाव येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले आहे. मुक्त स्रोत भाषेच्या दुरुस्तीसाठी साधा संगणक, मूळ संहिता व चिकाटी एवढी सामग्री पुरते; त्यामुळे हे काम मोठ्या शहरांपुरते सीमित नाही. शिवाय मराठी वा अहिराणी मजकुरावरच प्रकट होणारे दोष इंग्रजी मजकुराच्या चाचण्यांत दिसत नाहीत. ते प्रथम दिसतात ते असा मजकूर रोज वापरणाऱ्यास. त्याने इशारा बंद न करता त्याचे कारण शोधले व दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवली, तर तिचा लाभ देवनागरीपुरता न राहता इंग्रजीखेरीज अन्य लिप्या वापरणाऱ्या सर्वांना मिळतो.