पंच कुठे बघत असतात?

तुमच्या हायस्कूलची बास्केटबॉल मॅच चालू आहे. तुमच्या मैत्रिणीला कुणीतरी कोपराने ढकललं, ती पडली आणि शिट्टी वाजलीच नाही! सगळे ओरडायला लागतात, "रेफ, डोळे कुठे आहेत?" टीव्हीवर एनबीएची मॅच बघताना मात्र असे फाउल बऱ्याचदा पकडले जातात. मग हायस्कूलचे पंच कच्चे असतात का? तसं नाही.

आधी पंच मोजा. एनबीएत १९८८ पासून प्रत्येक मॅचला तीन पंच असतात. हायस्कूलमध्ये काही ठिकाणी तीन, पण बऱ्याच ठिकाणी दोनच. खेळाडू मात्र दोन्हीकडे दहा!

दोन पंच असले की एक जण बास्केटजवळ, बेसलाइनवर उभा राहतो. तो 'लीड'. दुसरा खेळाच्या मागे, मधल्या रेषेच्या बाजूला. तो 'ट्रेल'. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला की लीडचा ट्रेल होतो आणि ट्रेलचा लीड. आता गंमत बघा: दोघांनी एकदम चेंडूकडे बघायचं नसतं. एकाने चेंडूजवळचे खेळाडू बघायचे, दुसऱ्याने बाकीचे सगळे. तरी एखादा कोपरा सुटतोच. तुमची मैत्रीण बहुतेक त्याच कोपऱ्यात पडली.

तिसरा पंच हा कोपरा सांभाळतो. तो ट्रेलच्या समोरच्या बाजूला, साधारण फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास उभा असतो. हायस्कूलमध्ये त्याला 'सेंटर' म्हणतात, एनबीएत 'स्लॉट'. चेंडू त्याच्या बाजूला गेला की लीड बेसलाइनवरून चालत तिकडे जातो. मग सेंटर होतो ट्रेल आणि आधीचा ट्रेल होतो सेंटर. कुणी कुणाला हाक मारत नाही, नुसतं एकमेकांकडे बघून हे चालतं. एखाद्या मॅचमध्ये चेंडू सोडून पाच मिनिटं फक्त लीडकडे बघा, मजा येते.

फाउल झाला की पंच मूठ वर करतो. ट्रॅव्हलिंगसारखी चूक असेल तर उघडा पंजा. मग तो स्कोअर लिहिणाऱ्यांना खेळाडूचा नंबर बोटांनी दाखवतो. एका हाताला बोटं पाचच, म्हणून हायस्कूलच्या जर्सीवर ६, ७, ८, ९ हे आकडे चालत नाहीत. एनबीएत असा नियम नाही. लुका डॉन्चिचला त्याचा ७७ नंबर हायस्कूलच्या मॅचमध्ये घालता आला नसता!

सगळ्यात मोठा फरक शिट्टी वाजल्यानंतरचा आहे. एनबीएचं रीप्ले सेंटर न्यू जर्सीतल्या सीकॉकस गावात २०१४ मध्ये सुरू झालं. तिथे बसलेली माणसं वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून तोच क्षण पुन्हा दाखवतात. २०१९ पासून कोचलाही पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं असंच असतं, काही बिघडलं की लॉग उघडून बघायचं. हायस्कूलच्या पंचाकडे साधारणपणे कसलाच लॉग नसतो. जे दिसलं त्यावर एका क्षणात ठरवायचं. आणि तिथे पाच फाउलमध्ये खेळाडू बाहेर जातो, एनबीएत सहामध्ये. म्हणजे एक चुकीची शिट्टी शाळेतल्या मुलीला जास्त महाग पडते.

एनबीएचे पंच हेच काम पूर्णवेळ करतात. २०२० मध्ये सुयश मेहता तिथे पूर्णवेळ पंच झाले, भारतीय वंशाचे पहिलेच. त्याआधी ते जी लीगमध्ये पंच होते. हायस्कूलचे बरेचसे पंच मात्र दिवसा नोकरी करून संध्याकाळी जिममध्ये येतात.

एवढं सगळं असूनही एनबीएत चुका होतातच. अटीतटीच्या मॅचमधल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल २०१५ पासून एनबीए स्वतःच जाहीर करते. कोणता निर्णय बरोबर, कोणता चूक, कुठे शिट्टी वाजायला हवी होती, सगळं त्यात असतं. मॅचचा निकाल मात्र त्याने बदलत नाही.